चाल बदलली, दप्तर नाही!

जून उजाडला, शाळा सुरू झाल्या की दप्तराच्या ओझ्याची चर्चा सुरू होते आणि गणपती येईपर्यंत विरून जाते. पुढच्या जूनला परत तेच. या चर्चेत पाठ असते, खांदे असतात, 'बिचारी मुलं' असतात. एक गोष्ट मात्र राहून जाते, ती म्हणजे मुलांची चाल. दप्तराचं वजन नक्की कुठे आणि कसं दिसतं, त्यावर आतापर्यंत किती नियम झाले आणि ते सगळे का फसले, याचा हा हिशेब.

सकाळचं पहिलं लेक्चर असेल तर आपण घरातून निघतो त्याच वेळेला शाळेची मुलंही रस्त्यावर असतात. एकदा मोबाइलमधून मान वर करून त्यांच्याकडे बघा. चेहऱ्याकडे नको, पायांकडे बघा. तिसरी-चौथीतलं मूल मोकळं असताना कसं चालतं? उड्या मारत, मध्येच मागे वळत, फुटपाथच्या कडेवरून तोल सांभाळत. तेच मूल दप्तर चढवल्यावर कसं चालतं? कमरेतून पुढे वाकलेलं, मान बाहेर काढलेली, दोन्ही अंगठे पट्ट्यांत अडकवलेले आणि पावलं छोटी छोटी, घाईची. जणू मागून कुणीतरी खेचतंय आणि ते पुढे जायची धडपड करतंय.

खेचतंयच. फक्त ते 'कुणीतरी' म्हणजे सहा विषयांची पुस्तकं, तेवढ्याच वह्या, वर्कबुकं, डबा आणि पाण्याची बाटली आहे.

एका पावलात काय घडतं?

चालणं ही आपल्याला इतकी सवयीची गोष्ट आहे की त्यात काही शास्त्र असेल असं वाटतच नाही. पण आहे. एका पायाची टाच जमिनीला टेकली की पुन्हा त्याच पायाची टाच टेकेपर्यंत एक आवर्तन पूर्ण होतं. या आवर्तनात साधारण ६० टक्के वेळ तो पाय जमिनीवर असतो आणि ४० टक्के वेळ हवेत. मध्ये दोनदा अगदी थोडा वेळ दोन्ही पाय एकदमच जमिनीवर असतात. बाकी वेळ आपण एकाच पायावर शरीर तोलत पुढे जात असतो. म्हणजे चालणं हा एक सतत सावरत राहण्याचा खेळ आहे.

आता पाठीवर वजन टाका. शरीराचा गुरुत्वमध्य मागे सरकतो. काहीच केलं नाही तर माणूस मागे पडेल. मग शरीर आपोआप पुढे झुकतं. धड पुढे झुकलं की नजर जमिनीकडे जाते, पण रस्ता तर बघायचाय. म्हणून मान पुढे काढून डोकं वर उचललं जातं. पावलं छोटी होतात, कारण लांब पाऊल टाकायचं तर एका पायावर जास्त वेळ तोलावं लागतं. दोन्ही पाय जमिनीवर असण्याचा वेळ वाढतो, कारण तेवढंच स्थिर वाटतं. हे सगळं मूल ठरवून करत नाही. शरीर स्वतःच तोल सांभाळायचा मार्ग शोधतं.

यावर जगभर प्रयोग झालेत. १९९७ मध्ये 'अर्गोनॉमिक्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या ११ ते १३ वर्षांच्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शरीराच्या वजनाच्या साधारण १७ टक्के वजनाचं दप्तर घेतल्यावर मुलांच्या पावलाची लांबी कमी झाली आणि पावलांची संख्या वाढली. म्हणजे तेवढंच अंतर जायला जास्त पावलं. दप्तर एकाच खांद्यावर घेतलं तर तो खांदा वर उचलला गेला आणि पाठीचा कणा दुसऱ्या बाजूला वाकला. (हे वाचताना ज्यांची लॅपटॉप बॅग एकाच खांद्यावर आहे, त्यांनी ती आत्ता दोन्ही खांद्यांवर घ्यायला हरकत नाही.)

२००० साली 'गेट अँड पोश्चर'मध्ये आलेला अभ्यास तर आपल्या विषयाच्या अगदी मुळाशी जातो. दहा वर्षांच्या मुलांना ट्रेडमिलवर चालवलं. आधी रिकाम्या पाठीने, मग शरीराच्या वजनाच्या १०, १५ आणि २० टक्के ओझं देऊन. १० टक्के ओझ्याला मुलांच्या चालीत रिकाम्या पाठीच्या तुलनेत लक्षणीय फरक दिसला नाही. २० टक्क्यांना मात्र धड स्पष्टपणे पुढे झुकलं, दोन्ही पाय जमिनीवर असण्याचा वेळ वाढला आणि पाय हवेत असण्याचा वेळ घटला.

हे आकडे लक्षात ठेवा. १० टक्के ही मर्यादा ऐकायला सरकारी वाटते, पण चालीच्या मोजमापातही तिला आधार सापडतो.

मग पाठीचं काय? इथे जरा थांबू

व्हॉट्सअ‍ॅपवर दरवर्षी एक फॉरवर्ड फिरतो. जड दप्तरामुळे कणा कायमचा वाकडा होतो, उंची खुंटते, कुबड येतं वगैरे. सोबत एक्स-रेचा भीतीदायक फोटो. पत्रकारितेच्या वर्गात पहिल्याच सेमिस्टरला शिकवलेली गोष्ट इथे कामाला येते. आपली बाजू कितीही बरोबर वाटली तरी पुरावा तपासायचाच.

पुरावा असं सांगतो. २०१० मध्ये 'स्पाइन' या नियतकालिकात सॅन डिएगोच्या संशोधकांनी ११ वर्षांच्या आसपासच्या ८ मुलांचे एमआरआय काढले, तेही उभ्या स्थितीत, पाठीवर ४, ८ आणि १२ किलो वजन देऊन. वजन वाढलं तशा मणक्यांमधल्या गाद्या दाबल्या गेल्या आणि कंबरेकडचा कणा एका बाजूला झुकण्याचं प्रमाणही वाढलं. पण हे वजन पाठीवर असतानाचं चित्र आहे. वजन काढल्यावर वर्षानुवर्षं काय उरतं, ते हा अभ्यास सांगत नाही.

२०१८ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन'मध्ये तोपर्यंतच्या ६९ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्याचा निष्कर्ष अनेकांना आवडणार नाही. दप्तराचं वजन, प्रकार किंवा ते घ्यायची पद्धत यांमुळे मुलांना पाठदुखीचा धोका वाढतो, असा पटण्याजोगा पुरावा मिळत नाही. मात्र मुलाला स्वतःला दप्तर जड 'वाटणं' आणि पाठदुखी यांचा संबंध काही अभ्यासांत दिसला. आणि कणा बाजूला वाकडा होण्याचा जो आजार, स्कोलिओसिस, तो दप्तरामुळे होतो हा तर निव्वळ गैरसमज आहे.

म्हणजे मग हा सगळा आरडाओरडा फुकट? अजिबात नाही. उलट मुद्दा आता स्वच्छ होतो. दप्तर हटवण्यासाठी मुलाचा कणा कायमचा मोडला असं सिद्ध करायची गरजच नाही. रोज सकाळ-संध्याकाळ, जिना चढताना, बस पकडताना, रस्ता ओलांडताना एक मूल नीट चालू शकत नाही, त्याचा तोल जातो, ते दमतं आणि ते स्वतः सांगतं की हे मला जड होतंय. कारण म्हणून हे पुरेसं नाही का? आजार झाल्याशिवाय तक्रार खरी मानायची नाही, ही आपली सवय आहे. मोठ्यांच्या बाबतीतही आहे, पण मुलांच्या बाबतीत जास्त.

काट्यावर चढवलं दप्तर

या लेखाच्या निमित्ताने मी माझ्या मावसभावाचं दप्तर वजन केलं. तो सहावीत आहे. विमानाच्या प्रवासाला सुटकेस वजन करायचा हुकवाला काटा घरात होता, तोच वापरला. त्याचं स्वतःचं वजन ३१ किलो. दहा टक्क्यांच्या हिशेबाने दप्तर ३.१ किलोचं हवं. काट्याने दाखवलं ५.४ किलो. म्हणजे १७ टक्क्यांच्या वर. वर सांगितलेल्या १९९७च्या प्रयोगात मुलांच्या पाठीवर साधारण हेच प्रमाण होतं.

एका दप्तरावरून राज्याचा निष्कर्ष काढायचा नसतो, हे मान्य. पण आतलं एक-एक बाहेर काढून वजन केल्यावर जे दिसलं ते विचार करण्यासारखं होतं. रिकामी बॅगच ७०० ग्रॅम. कार्टूनची, भरपूर चेनची, जाड पॅडिंगची. स्टीलची भरलेली पाण्याची बाटली १.३ किलो. डबा ६०० ग्रॅम. ही बेरीज झाली २.६ किलो. एकही पुस्तक न भरता! उरलेले २.८ किलो पुस्तकं, वह्या आणि कंपास.

म्हणजे या मुलाने दहा टक्क्यांची मर्यादा पाळायची ठरवली, तर पुस्तकं-वह्यांच्या वाट्याला उरतो फक्त अर्धा किलो. आपण चर्चा करतो पुस्तकांची आणि जवळजवळ निम्मं वजन आहे पाण्याचं, डब्याचं आणि बॅगेचं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ते कुठलाही शिक्षणतज्ज्ञ कमी करू शकत नाही. शाळेतल्या नळाला पिण्याजोगं पाणी असेल आणि आईवडिलांचा त्यावर विश्वास असेल, तरच ते कमी होईल. 'एवढी मोठी बाटली कशाला?' असं मी मावशीला विचारलं. तिचं उत्तर सरळ होतं, 'शाळेतलं पाणी पिऊन आजारी पडला तर तू येणार आहेस का बसायला?' बोलायला जागाच ठेवली नाही.

आणि त्याला विचारलं, रोज सगळी पुस्तकं का नेतोस? तो म्हणाला, 'टीचर कधीपण कुठलंपण काढायला सांगतात. नसलं की बाहेर उभं करतात.' दप्तरात काय भरायचं हे वेळापत्रकापेक्षा शिक्षेची भीती जास्त ठरवते, ते हे असं.

३५ वर्षांचे नियम

दप्तराच्या ओझ्यावर आपल्याकडे कुणी बोललंच नाही, असं नाही. उलट भरपूर बोललं गेलंय.

'मालगुडी डेज'चे लेखक आर. के. नारायण राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य होते. १९८९ मध्ये सभागृहात बोलताना त्यांनी विषय कुठला निवडला असेल? शाळेचं दप्तर. या ओझ्याने मुलं वाकतात आणि चिंपांझीसारखी हात पुढे लोंबकळत ठेवून चालतात, अशा अर्थाचं ते बोलले. थोडक्यात, देशातल्या एका मोठ्या कथाकाराच्या नजरेनेही आधी चालच टिपली होती. दप्तरच रद्द करा, गरज पडली तर वटहुकूम काढा, अशी त्यांची मागणी होती.

पुढे केंद्र सरकारने भौतिकशास्त्रज्ञ प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९९३ मध्ये तिचा 'लर्निंग विदाउट बर्डन' हा अहवाल आला. त्याचं म्हणणं आजही बोचतं. दप्तराचं वजन हे एक ओझं आहेच, पण त्याहून घातक ओझं आहे ते न समजण्याचं. जे समजत नाही ते पाठ करायचं, पाठ करायचं म्हणून जास्त लिहायचं, जास्त लिहायचं म्हणून जास्त वह्या. किलोचा प्रश्न मुळात अभ्यासक्रमाचा प्रश्न आहे, हे समितीने तेव्हाच सांगितलं होतं.

२००६ मध्ये राज्यसभेत दप्तराच्या वजनावर मर्यादा घालणारं विधेयक आलं. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको, बालवाडीच्या मुलांना दप्तरच नको, शाळांनी लॉकर द्यावेत, नियम मोडला तर दंड, अशा तरतुदी त्यात होत्या. गंमत म्हणजे आजही कित्येक बातम्यांत आणि फॉरवर्डमध्ये '२००६चा कायदा' असा त्याचा उल्लेख होतो. तो कायदा नाही. ते खासगी विधेयक होतं, मंजूर कधी झालंच नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. जुलै २०१५ मध्ये राज्य सरकारने जीआर काढला आणि दहा टक्क्यांची मर्यादा घातली. जबाबदारी मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापनावर टाकली. वर्षभराने, ऑगस्ट २०१६ मध्ये, चंद्रपुरात एक भन्नाट गोष्ट घडली. सातवीतल्या दोन मुलांनी थेट पत्रकार परिषद घेतली. आमचं दप्तर ५ ते ७ किलोचं असतं, वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे, मुख्याध्यापकांना सांगून झालं, काही होत नाही, असं त्यांनी पत्रकारांना सांगितलं. बारा वर्षांच्या मुलांना पत्रकार परिषद घ्यावी लागते, तेव्हा जीआर कुठल्या कपाटात आहे ते वेगळं सांगायला नको.

मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नोव्हेंबर २०१८ मध्ये केंद्राने परिपत्रक काढून इयत्तेप्रमाणे किलो ठरवून दिले. पहिली-दुसरीला दीड किलो, तिसरी ते पाचवी २ ते ३ किलो, सहावी-सातवी ४ किलो, आठवी-नववी साडेचार आणि दहावीला ५ किलो. पहिली-दुसरीला गृहपाठ नको, असंही सांगितलं. मग २०२० मध्ये 'स्कूल बॅग पॉलिसी' आली. तिचे आकडे वेगळे. पहिली-दुसरी १.६ ते २.२ किलो, सहावी-सातवी २ ते ३ किलो, नववी-दहावी अडीच ते साडेचार किलो.

आता सहावी-सातवीचे आकडे शेजारी ठेवून बघा. २०१८ म्हणतं ४ किलो चालेल. २०२० म्हणतं जास्तीत जास्त ३. राज्याचा जीआर म्हणतो दहा टक्के. २५ किलोच्या मुलाला ४ किलो म्हणजे थेट १६ टक्के! म्हणजे एका सरकारी कागदाप्रमाणे शाळा नियमात आणि दुसऱ्याप्रमाणे नियमाबाहेर. आणि इयत्तेप्रमाणे किलो ठरवले की सगळ्यात अन्याय कुणावर होतो? वर्गातल्या सगळ्यात बारीक मुलावर. एकाच वर्गात २२ किलोचं मूल असतं आणि ४० किलोचंही. दोघांची पुस्तकं तीच. ज्याला घरी पोटभर मिळत नाही, त्याच्या पाठीवर प्रमाणाने सर्वांत जास्त ओझं.

पुस्तकातच वही घातली, तरी...

आपल्याच राज्यातला ताजा प्रयोग बघण्यासारखा आहे. मार्च २०२३ मध्ये शालेय शिक्षण विभागाने ठरवलं की, 'बालभारती'च्या पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पानं घालायची आणि पुस्तकाचे भाग करायचे. एका वेळी एकच भाग न्यायचा, वेगळी वही नको. कल्पना कागदावर सुंदर होती. २०२३-२४ पासून अंमलबजावणी झाली.

आणि जानेवारी २०२५ मध्ये कोऱ्या पानांचा हा निर्णय रद्द झाला. कारण काय? कोरी पानं असूनही मुलं वेगळ्या वह्या नेतच होती. पुस्तक जाड झालं, वही सुटली नाही. म्हणजे ओझं कमी करायला आणलेल्या योजनेने ओझं वाढवायचीच वेळ आली.

यातून शिकण्यासारखं बरंच आहे. पुस्तक बदललं, पण वर्गातली सवय बदलली नाही. वर्गपाठाची वही वेगळी, गृहपाठाची वेगळी, निबंधाची वेगळी, चाचणीची वेगळी, वर प्रत्येकीला कव्हर आणि लेबल. वही तपासली जाते, वहीवर शेरा येतो, पालकांना वही दाखवली जाते. वही हा शिक्षकाच्या कामाचा पुरावा आहे. तो पुरावा मागणारी पद्धत तशीच ठेवून नुसती पानं चिकटवली, तर दुसरं काय होणार?

फसतं नेमकं कुठे?

सगळे नियम एकत्र ठेवले तर तीन गोष्टी दिसतात.

पहिली, कुणीच वजन करत नाही. २०२० च्या धोरणात शाळेत वजनकाटा ठेवा, असं म्हटलंय. प्रकाशकांनी पुस्तकावर त्याचं वजन छापावं, असंही म्हटलंय. तुमच्या घरातल्या कुठल्याही शाळेच्या पुस्तकावर किंमत शोधा, लगेच सापडेल. वजन सापडलं तर मला नक्की कळवा! जे वजन कुणी मोजतच नाही, त्याची मर्यादा कशी पाळणार?

दुसरी, नियम मोडल्याचा भुर्दंड नियम मोडणाऱ्याला बसतच नाही. पुस्तक न आणल्याची शिक्षा मुलाला लगेच होते. दप्तर जड असल्याची शिक्षा शाळेला होत नाही. अशा वेळी मूल शहाणपणाने काय निवडेल? ते सगळंच भरेल.

तिसरी, ओझं खाली करायला जागा लागते आणि पैसा लागतो. लॉकर हवेत तर खोल्या मोठ्या हव्यात. पाण्याची बाटली नको तर शुद्ध पाणी हवं. दोन शिफ्टमध्ये चालणाऱ्या शाळेत सकाळच्या मुलाने बाकाखाली ठेवलेलं पुस्तक दुपारचं मूल कसं सांभाळेल? खासगी इंग्रजी शाळांत पाठ्यपुस्तकाशिवाय खासगी प्रकाशकांची वर्कबुकं, ग्रामरची, जीकेची, व्हॅल्यू एज्युकेशनची पुस्तकं येतात. शाळेतून सुटलं की काही मुलं त्याच दप्तरासह थेट क्लासला जातात. नियम फक्त 'वजन कमी करा' म्हणतो. ते कमी करायचा खर्च कुणी करायचा, यावर तो गप्प असतो.

आणि हो, सगळ्यांचं ओझं सारखं नसतं. स्कूल व्हॅनने जाणाऱ्या मुलाच्या पाठीवर पाच किलो दहा मिनिटं असतं. आदिवासी पाड्यावरून, बांधावरून, ओढा ओलांडून शाळेत जाणारं मूल तेच वजन तासभर वाहतं. काट्यावर दोन्ही दप्तरं सारखीच. पावलांच्या हिशेबात मात्र नाहीत. छोटी पावलं पडतात म्हणून अंतर कमी होत नाही, पावलं वाढतात. धोरणांच्या तक्त्यांत इयत्ता आहे, किलो आहेत. किलोमीटर कुठेच नाहीत.

'आनंददायी शनिवार' आणि बाकीचे पाच दिवस

काही चांगलंही घडतंय, ते सांगायला हवं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत, असं सुचवलंय. सुतारकाम, बागकाम, कुंभारकाम शिकायचं, स्थानिक कारागिरांना भेटायचं, अशी कल्पना आहे. महाराष्ट्रात २०२४ पासून पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम आला. अनेक शाळा शनिवारी दप्तराला सुट्टी देतात.

छानच आहे. पण शनिवारी दप्तराशिवाय शाळा भरू शकते, तर प्रश्न असा पडतो की बुधवारी अर्ध्या दप्तराने का नाही भरू शकत? ओझ्यापासून सुटका हा सणासारखा एखादा दिवस असून चालणार नाही. ती वेळापत्रकाचा भाग व्हायला हवी. रोज आठ तासिकांना आठ विषय घेण्याऐवजी चार विषयांच्या जोडतासिका घेतल्या तर पुस्तकं निम्मी होतात. बाकावर शेजारी बसणाऱ्या दोघांनी पुस्तकं वाटून आणली तर आणखी कमी. यातल्या कशालाच पैसे लागत नाहीत. लागतो तो मुख्याध्यापकांचा एक निर्णय आणि 'पुस्तक नाही आणलं तरी चालेल' हे शिक्षकांचं एक वाक्य.

आपण काय करू शकतो?

आपण दप्तरातून सुटलो, आता आपला काय संबंध, असं वाटू शकतं. पण घरात धाकटा भाऊ, बहीण, भाचा, शेजारचं पिल्लू कुणीतरी असतंच. शिवाय एनएसएसचे प्रोजेक्ट, फिजिओथेरपीची इंटर्नशिप, बी.एड.चा सराव पाठ, समाजकार्याचं फील्डवर्क करणारे आपल्यातच आहेत.

• दप्तर वजन करा. हुकवाला काटा नसेल तर साध्या काट्यावर मुलाला आधी दप्तरासह आणि मग दप्तराशिवाय उभं करा. वजाबाकी म्हणजे दप्तर. त्याला मुलाच्या वजनाने भागा, शंभरने गुणा. दहाच्या वर आलं की लिहून ठेवा.

• एकदा आतलं सगळं बाहेर काढा. तुटके रंग, जुने कागद, गेल्या महिन्याची प्रश्नपत्रिका, दोन कंपास... बरंच निघतं.

• जड पुस्तकं पाठीला चिकटून असलेल्या कप्प्यात ठेवा. वजन शरीरापासून जितकं लांब, तितकं ते मागे ओढतं. अकरावीच्या फिजिक्समधला टॉर्क आठवा, झालं.

• दोन्ही पट्टे वापरायला सांगा आणि ते घट्ट ठेवा. कमरेच्या खाली लोंबणारं दप्तर स्टायलिश दिसतं, पण चालताना तेच जास्त हेलकावे देतं.

• चाकाची बॅग हा सोपा उपाय वाटतो, पण जिन्यावर ती उचलावीच लागते आणि ती मुळातच जड असते. २०२० च्या धोरणानेही या बॅगांना नको म्हटलंय.

• आकडे घेऊन पालकांना शाळेत पाठवा. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. खासगी शाळांत पालक-शिक्षक संघ असतो. 'दप्तर फार जड आहे हो' म्हटलं की शाळा मान हलवते. 'सहावीच्या वीस मुलांची दप्तरं वजन केली, हा घ्या तक्ता' म्हटलं की उत्तर द्यावं लागतं.

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. एनएसएसच्या एका युनिटने एका शाळेच्या फाटकावर सकाळचा एक तास काटा घेऊन उभं राहायचं ठरवलं, तर शाळेच्या परवानगीने, मुलांची नावं न घेता, नुसती इयत्ता, मुलाचं वजन आणि दप्तराचं वजन नोंदवता येईल. आपल्याकडे नियमांचे कागद आहेत, भाषणं आहेत, अहवाल आहेत. आपल्या गल्लीतल्या शाळेचा आकडा नाही. तो गोळा करणं कॉलेजच्या पोरांना सहज जमण्यासारखं आहे.

१९८९ मध्ये राज्यसभेत ते भाषण झालं तेव्हा जी मुलं दप्तर घेऊन चालत होती, ती आज चाळिशीत आहेत. त्यांच्यातलेच काही शिक्षक झाले, काही प्रकाशक, काही अधिकारी आणि बरेचसे पालक. त्यांनी हे ओझं स्वतः वाहिलंय, तरी ते पुढच्या पिढीच्या पाठीवर चढवताना फारसा विचार केला नाही. 'आम्ही नाही का नेलं?' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. आणखी दहा वर्षांनी त्या जागांवर आपण असू. तेव्हा तेच वाक्य आपल्या तोंडून निघालं नाही, तर निदान एवढं म्हणता येईल की आपण काहीतरी शिकलो.